बोलणे येईपर्यंत शाळा थांबवू नका : वाचा-उपचार घेणाऱ्या मुलांच्या पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
शालेय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महिला व बालविकास विभाग, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : बोलण्यास उशीर होणाऱ्या आणि बोलताना अडचण येणाऱ्या लहान मुलांना वेळेत वाचा-उपचार व सन्मानाने शाळाप्रवेश मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

ज्या मुलांना बोलणे आपसूक आले नाही, त्यांचे आम्ही आईवडील. आमच्यात कुणाच्या मुलाला ऐकू कमी येते, कुणाचे मूल स्वमग्न आहे, कुणाच्या मुलीची टाळूची शस्त्रक्रिया झाली असून तिचे उच्चार अजून बसायचे आहेत, कुणाचा मुलगा पहिल्याच अक्षरावर अडखळतो. काहींच्या मुलांचे कान, डोळे, समज सगळे ठीक आहे. भाषा तेवढी उशिरा येते आहे. कारणे निरनिराळी असली तरी एक गोष्ट आम्हा सर्वांच्या वाट्याला आली : मुलांची मदतीविना गेलेली वर्षे. हे मागणीपत्र त्या वर्षांबद्दल आहे.

वेळ कुठे जातो

पहिली शंका बहुधा आईला येते. दीड वर्षाचे बाळ हाकेला वळत नाही, हवी ती वस्तू आईचा हात ओढून मागते, ‘दे’, ‘ये’, ‘नको’ यांतले काहीच म्हणत नाही. ती घरात सांगते. घर म्हणते, ‘याचा बापही चार वर्षांनी बोलला.’ शेजारीण वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते. दवाखान्यातही कधी कधी ऐकायला मिळते, ‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षे होऊ द्या.’ तीन वर्षे होतात. मग जिल्ह्याच्या ठिकाणी जा, कानाच्या तपासणीची तारीख घ्या, अहवाल घेऊन दुसऱ्या खोलीत जा, तिथले पद रिकामे असेल तर खासगीत जा. यात आणखी एक वर्ष सरते. उपचार सुरू होऊन मूल दोन-तीन शब्द जोडू लागते, तोच शाळेच्या दारात प्रश्न येतो, ‘नाव काय बाळ तुझं? सांगता येत नाही? मग एक वर्ष घरीच ठेवा.’

उशिरा बोलणारी काही मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात, हे खरे आहे. पण दोन वर्षांच्या मुलाकडे नुसते बघून ते बरोबरीला येणारे की मागे राहणारे, हे कळत नाही. म्हणून ‘थांबून बघू’ हा सल्ला तपासणी झाल्यावर द्यायचा असतो. तपासणीच्या जागी तो चालत नाही. भाषा सर्वांत सहज रुजते ती पहिल्या काही वर्षांत. तो काळ निघून गेला की कोणत्याही शासन निर्णयाने तो परत आणता येत नाही.

कायदे आहेत, जोड नाही

राज्यात काहीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये याच महाराष्ट्रातल्या पालघरमधून देशभर सुरू झाला. त्यातील तपासणीच्या ३० बाबींमध्ये भाषाविकासातील विलंब आहे. कार्यक्रमाच्या आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची आणि गरज असलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची रचना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम २५ने सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, तर कलम १६ने भेदभावाविना प्रवेश देण्याची जबाबदारी शिक्षण संस्थांवर. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला.

मात्र अंगणवाडी एका विभागाकडे, तपासणीचे पथक दुसऱ्याकडे, पहिलीचा वर्ग तिसऱ्याकडे आणि दिव्यांगांच्या योजना चौथ्याकडे आहेत. मूल एकच आहे. या चार विभागांमधून त्याची फाइल आज आई पिशवीत घालून फिरवते. आमच्या मागण्या मुलाच्या वाढत्या वयाच्या क्रमाने मांडत आहोत. प्रत्येक मागणी त्या वाटेवरची एकेक थांबण्याची जागा कमी करते.

मागणी १ : शंका आली की ३० दिवसांत कानाची तपासणी

नवजात बाळाची पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मान्य असलेला क्रम आहे. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात ओएई ही कानाची चाळणी तपासणी व्हावी. मोठ्या बाळाबद्दल आईने, आशाताईंनी किंवा अंगणवाडी सेविकेने शंका नोंदवली की ३० दिवसांत कानाची तपासणी व्हावी आणि गरज पडल्यास बेरा या पुढच्या श्रवण चाचणीची तारीख त्याच भेटीत मिळावी. घरी ताट वाजवून बघण्याने फसगत होते. ताटाच्या खणखणाटाला वळणाऱ्या मुलाला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत असतीलच असे नाही. कानात वारंवार पाणी साठल्यानेही ऐकणे मंद होते आणि ते उपचाराने सुधारते.

मागणी २ : अंगणवाडीत भाषेचीही नोंद

पथक येते तेव्हा अनोळखी माणसे बघून बोलणारे मूलही गप्प होते. पाच मिनिटांत त्याच्या भाषेचा अंदाज बांधता येत नाही. रोज बघणाऱ्या सेविकेला आणि आईला विचारले तर येतो. बाळ हाकेला वळते का, बोटाने दाखवते का, दीड वर्षाचे असताना ओळखीचे काही शब्द बोलते का, दोन वर्षांचे असताना ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडते का, अशी सोपी मराठी प्रश्नावली दर सहा महिन्यांनी भरावी आणि तिची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर व्हावी. हे काम वाढवताना सेविकांना प्रशिक्षण आणि वाढीव मानधन द्यावे. त्यांच्यावर फुकटचा भार टाकावा, अशी आमची इच्छा नाही.

‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात भाषाविकासाचा स्वतंत्र स्टॉल असतो. तिथे न बोललेल्या मुलाला पुढच्या स्टॉलकडे पाठवून विषय संपतो. त्याच दिवशी त्याला तपासणीची चिठ्ठी मिळावी.

मागणी ३ : तालुक्यात आठवड्यातून दोन दिवस वाचा-उपचारतज्ज्ञ

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या आकृतिबंधात श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञाचे एकच पद आहे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. तिथल्या आईने अर्ध्या तासाच्या सत्रासाठी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला यावे, असे कोणी म्हणू शकणार नाही. महिलांना २०२३पासून एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याने प्रवास हलका झाला. पण बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन ठरलेले दिवस वाचा-उपचार मिळावेत. रिकामी पदे ९० दिवसांत भरावीत. पहिली तपासणी समोरासमोर झाल्यावर मधली सत्रे प्राथमिक आरोग्य केंद्रातून व्हिडिओवर घेता येतील. वाचा-उपचाराची पदवी घेणाऱ्यांच्या एक वर्षाच्या आंतरवासितेतील काही काळ तालुक्यांना द्यावा. ‘थेरपी सेंटर’ची पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे की नाही, हे आरोग्य विभागाने तपासावे. अपात्र माणसाच्या हाती गेलेले वर्षही मुलाचेच वाया जाते.

मागणी ४ : मराठीतून तपासणी, घरच्या बोलीत उपचार

आमच्या मुलांसमोर अनेकदा ॲपल, बॉल, कॅटची चित्रे ठेवली जातात. ज्या मुलाला भाकरी रोज दिसते आणि सफरचंद सणासुदीला, त्याला भाकरी विचारा. घागर, शेळी, झाडू, चूल विचारा. शब्द माहीत नाही की उच्चारता येत नाही, हा फरक मुलाच्या ओळखीच्या वस्तूंवरच कळतो.

मराठीची स्वतःची अवघड वळणे आहेत. ‘ळ’ आणि ‘ण’ आहेत. ‘चार’मधला ‘च’ वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. ‘गाडी’ला ‘गाली’ म्हणणे कोणत्या वयापर्यंत स्वाभाविक आणि कधीपासून उपचार हवा, हे मराठी मुलांच्या बोलण्यावरूनच ठरले पाहिजे. आईसोबत दिवस काढणारा मुलगा ‘मी आले’ म्हणतो, ती वयाची गोष्ट की भाषेची अडचण, हे इंग्रजी तक्ता सांगू शकत नाही. वऱ्हाडी घरातले मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणते. ती त्याची बोली आहे, दोष नव्हे. गोंडी, कोरकू, भिली, अहिराणी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचे तर कोणाच्याच तक्त्यात काही नसते.

वांद्रे येथे १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा व श्रवणाचे शिक्षण दिले जाते. या संस्था, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बोलींचे अभ्यासक यांना एकत्र बसवून मराठी तपासणी संच तयार करावा, तो बालभारतीने छापावा आणि प्रत्येक केंद्रावर मोफत द्यावा.

आणखी एक सल्ला ताबडतोब थांबवावा : ‘मूल इंग्रजी शाळेत जाणार, तर घरी इंग्रजीच बोला.’ दोन भाषा कानी पडल्यामुळे मुलाचे बोलणे खुंटत नाही, हे तज्ज्ञांमध्ये मान्य आहे. आजी-आजोबा मात्र या सल्ल्याने गप्प होतात आणि ज्या मुलाने जास्त ऐकायला हवे, ते कमी ऐकते.

मागणी ५ : पालकांना शिकवा, दोष देऊ नका

आठवड्यात दोन सत्रे झाली तरी मूल उपचारतज्ज्ञाजवळ तास-दीड तास असते. जागेपणीचे ऐंशीएक तास ते घरच्यांजवळ असते. खरा उपचार तिथे होतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचे. त्याने ‘पाणी’ म्हटले की आपण ‘गार पाणी’ म्हणायचे. विचारल्यावर लगेच स्वतःच उत्तर न देता मनात पाचपर्यंत मोजायचे. अंघोळ, पोळ्या लाटणे, भाजी निवडणे यांतूनच शब्द द्यायचे. हे कळण्याआधी आमच्यातल्या कित्येकांनी ‘बोल ना, बोल ना’ म्हणून मुलांना रडवले आहे, ते आम्ही मान्य करतो. आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

प्रत्येक सत्रातली शेवटची दहा मिनिटे पालकांना शिकवण्यासाठी असावीत, महिन्यातून एकदा पालकांचा गट घ्यावा आणि तो वडिलांनाही येता येईल अशा सुट्टीच्या दिवशी ठेवावा. मोबाइल कमी करा, हे योग्यच आहे. पण ‘तुम्हीच मोबाइल दिलात’ एवढे सांगून कान न तपासता परत पाठवणे, याला उपचार म्हणत नाहीत.

मागणी ६ : मुलाखत, हमीपत्र आणि अटींविना प्रवेश

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ने प्रवेशासाठी मुलाची चाळणी करण्यास बंदी घातली आहे. पहिल्या उल्लंघनाला २५,००० आणि पुढच्या प्रत्येकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही ‘जरा गप्पा मारू’ म्हणून मुलाला बोलावले जाते आणि ते बोलले नाही की जागा भरलेल्या असतात. काही ठिकाणी पालकांनी स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) आणावी, अशी अट असते. काही ठिकाणी ‘प्रगती न झाल्यास मुलाला काढून घेऊ’ असे लिहून घेतात.

शासनाने स्पष्ट परिपत्रक काढावे : बोलता येत नाही हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, नकार द्यायचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा, शिक्षणाधिकाऱ्यांनी सात दिवसांत त्यावर निर्णय द्यावा. मुलाला एक वर्ष थांबवावे असे कधी वाटले, तर तो निर्णय पालकांनी उपचारतज्ज्ञाशी बोलून घ्यावा, शाळेने लादू नये. मूल बोलायला मुलांमध्ये शिकते. मधल्या सुट्टीत डबा उघडताना शेजारचा विचारतो, ‘तुझ्यात काय आहे?’ तो प्रश्न थेरपीच्या खोलीत तयार करता येत नाही.

मागणी ७ : पहिलीच्या वर्गात सहा चित्रे आणि थोडा धीर

शू लागली, हे आमच्या मुलाला सांगता येत नाही. पोट दुखते, हे सांगता येत नाही. कुणी ढकलले तर सांगता येत नाही आणि त्याने उलट ढकलले की तक्रार त्याचीच घरी येते. म्हणून प्रत्येक अंगणवाडीत, बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात ‘पाणी, शू, दुखतंय, नको, मदत, घरी जायचंय’ अशा चित्रांचा फळा मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर लावावा. चित्रे दाखवायची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे; उलट आपले म्हणणे पोहोचते हे कळल्यावर बोलण्याची ओढ वाढते.

शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात या विषयाला एक पूर्ण दिवस द्यावा. ‘हजर’ म्हणताना ‘ह’वर अडकणाऱ्या मुलाला हात वर करण्याची मुभा असावी. निपुण भारत अभियानात दुसरी-तिसरीचे वाचन मिनिटाला किती शब्द यावर मोजतात. अडखळणाऱ्या किंवा उच्चार न बसलेल्या मुलाचे आकलन चित्र दाखवून, लिहून किंवा जोड्या लावून तपासावे. ‘मुका’, ‘बोबड्या’, ‘तोतऱ्या’ ही नावे वर्गात कुणाच्याही तोंडी येऊ नयेत आणि शिक्षकांच्या तर कधीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑक्टोबर २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. त्यानुसार नियमित पदे निर्माण करून भरावीत आणि फिरत्या विशेष शिक्षकाच्या भेटीचे वेळापत्रक शाळेच्या फलकावर लावावे.

मागणी ८ : प्रमाणपत्रावाचून मदत अडू नये

कायद्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ आहे. पण स्वरयंत्र काढावे लागणे किंवा मेंदूतील इजेमुळे वाचा जाणे अशा कारणांनी आलेल्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची ती व्याख्या आहे. भाषा उशिरा येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाबद्दल ‘कायमचे’ हा शब्द प्रामाणिक डॉक्टर लिहू शकत नाही आणि आम्हालाही तो लिहून नको आहे. आमची सगळी धडपड तो खोटा ठरावा यासाठीच आहे. परिणामी हे मूल कागदावर दिव्यांग नसते आणि वर्गात इतरांच्या बरोबरीनेही नसते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात थेरपीचा खर्च मिळतो, पण न्यासाचा १९९९चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चार अवस्थांपुरता आहे. उरलेल्या मुलांना तिथेही दार बंद.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे. या टप्प्यातील मुलासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राने दिलेले साधे ‘साहाय्य पत्र’ सर्व विभागांनी मान्य करावे. त्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी नसावी. मुलाला काय लागते ते लिहिलेले असावे. दरवर्षी त्याचा आढावा व्हावा आणि गरज संपली की ते बंद व्हावे.

मागणी ९ : खर्च आणि रजा

सत्राला ६०० रुपये धरले आणि आठवड्याला दोन सत्रे घेतली, तर महिन्याचे ४,८०० रुपये होतात. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यात सहा सत्रेही होत नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आठ वर्षांखालील मुलांच्या वाचा-उपचार सत्रांचा समावेश करावा. साहाय्य पत्र असलेल्या मुलाला आणि सोबतच्या पालकाला उपचाराच्या दिवशी एसटी मोफत असावी. मजुरीवर जाणाऱ्या पालकाला त्या दिवसाचा भत्ता मिळावा.

शासकीय महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे. दिव्यांग मुलाच्या आईच्या अशा रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही घटनात्मक गरज असल्याचे सांगितले. त्याच न्यायाने खासगी आस्थापनांतल्या आई आणि वडील दोघांनाही महिन्यातून दोन अर्धे दिवस उपचारासाठी मिळावेत. आमच्यातल्या अनेक आयांनी नोकरी सोडली आहे, कारण दुसरा मार्ग नव्हता.

मागणी १० : एक मूल, एक नोंद, एक जबाबदार अधिकारी

अंगणवाडीतली नोंद, कानाचा अहवाल, सत्रांचा तपशील आणि शाळेची माहिती पालकांच्या संमतीने एका नोंदीत असावी. प्रत्येक जिल्ह्यात या चारही विभागांच्या वतीने एक समन्वय अधिकारी असावा. किती मुले तपासली, किती पाठवली, प्रत्यक्ष उपचार किती जणांना किती दिवसांत मिळाले आणि त्यांतली किती शाळेत टिकली, हे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत.

यांतल्या काही मागण्यांना पैसा आणि पदे लागतील, याची आम्हाला जाणीव आहे. प्रवेशाचे परिपत्रक, साहाय्य पत्राला मान्यता, चित्रफळे, हजेरी आणि वाचनातील मुभा यांना मात्र आदेशाची सही पुरेशी आहे. एवढे तरी येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी व्हावे.

आमच्या बाजूने आम्ही शब्द देतो. दिलेली सत्रे चुकवणार नाही. घरचा सराव करू. प्रवेशाच्या वेळी मुलाची अडचण लपवणार नाही. शाळेला हवे असतील तर चित्रफळे करून देऊ. गावातल्या माता-पालक गटात जाऊन, ज्या आईला आज पहिली शंका आली आहे, तिला आम्हाला जे उशिरा कळले ते आधी सांगू.

प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे आणि चारही विभागांच्या सचिवांनी पालकांसोबत एक संयुक्त बैठक घ्यावी, ही विनंती. आजवर आम्ही मुलाला कडेवर घेऊन चार दारे फिरलो. आता चारही विभागांनी एकदा एका टेबलाशी बसावे आणि समोर या मुलांची एक फाइल ठेवावी.

आपले विश्वासू,
वाचा-उपचार घेणाऱ्या मुलांचे पालक